देवांचे पैसे : पुण्यातला एक गेम पब्लिशर कसा बुडाला

कंपनीचं नाव देत नाही. माणसांच्या फक्त भूमिका ठेवल्यात, रकमा गोल केल्यात, दोन गावं बदललीत. माझा या कंपनीशी संबंध आला तो जून २०२२ मध्ये, हिशेबाची घडी बसवून द्यायला म्हणून. त्याआधीचं जे खाली आहे ते तिघांच्या तोंडून ऐकलेलं आणि बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून पाहिलेलं आहे.

## पार्श्वभूमी

२०१४ मध्ये कोथरूडला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर दोघा आते-मामेभावांनी कंपनी सुरू केली. थोरला आयटीतली नोकरी सोडून आलेला, बोलण्यात पटाईत. ऑफिसात त्यांना मोठे सर म्हणत. धाकटे सर स्वतः कोड लिहिणारे, मितभाषी, आणि भावाला चारचौघांतही दादा म्हणणारे. सुरुवातीला शब्दकोडी, कॅरम असले मोबाइल गेम स्वतःच बनवले. दोनेक वर्षांत कळलं की गेम बनवण्यापेक्षा तो चालवणं आपल्याला जास्त जमतं. स्टोअरवर कोणतं चित्र लावायचं, जाहिरात कितव्या लेव्हलनंतर दाखवायची, बक्षिसाच्या व्हिडिओला लोक कधी हो म्हणतात, या बारीकसारीक गोष्टींत त्यांचा हात बसला होता. मग त्यांनी नाशिक, सांगली, नागपूर इथल्या छोट्या डेव्हलपरांचे गेम घ्यायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि डाउनलोडचे आकडे फुगले. २०२० पर्यंत कॅटलॉगमध्ये २७ गेम होते, त्यातले १९ बाहेरच्या ११ डेव्हलपरांचे.

पब्लिशरच्या धंद्यात पैसा कसा फिरतो ते इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गेम डेव्हलपरचा असला तरी स्टोअरवर तो पब्लिशरच्या खात्यातून जातो, त्यामुळे कमाई आधी पब्लिशरकडे येते. गूगल प्ले मागच्या महिन्याचे पैसे साधारण १५ तारखेला सोडतं, ॲडमॉबचे, म्हणजे गेममध्ये दिसणाऱ्या गूगलच्या जाहिरातींचे, २१ ते २६ च्या दरम्यान येतात. या कंपनीच्या करारात मात्र डेव्हलपरचा वाटा तिमाही संपल्यावर ९० दिवसांत द्यायचा होता. म्हणजे एप्रिलची कमाई मे महिन्यात खात्यात यायची आणि सप्टेंबरअखेर बाहेर जायची. मधले चार महिने ती चालू खात्यात पडून. कागदावर ती डेव्हलपरची, बँकेच्या ॲपवर मात्र कंपनीची शिल्लक म्हणून दिसणार.

हे ज्यांना पक्कं माहीत होतं त्या एकच, अकाउंट्सच्या ताई. वाणिज्य शाखेच्या, पंचेचाळिशीच्या, गेम म्हणजे पोरखेळ असं मनापासून मानणाऱ्या. एक्सेलमध्ये मोठे सर 'डेव्ह' म्हणून जो रकाना करायचे, तो ताई 'देव' असा लिहायच्या. सुरुवातीला चुकून, नंतर सवयीने. त्यांच्या टेबलामागे सहकारी बँकेने दिलेलं कॅलेंडर टांगलेलं असे आणि ज्या तारखेला वाटप करायचं त्या चौकोनात लाल पेनाने 'देव – १५० ला.' असं लिहिलेलं असे. ऑफिसात चेष्टा चाले: देवांचे पैसे गेले का?

२०२० च्या टाळेबंदीत लोक घरात अडकले आणि कॅटलॉगची कमाई महिना ९० लाखांवर गेली. त्यात ५० लाख देवांचे, ४० आपले. पगार, सर्व्हर, जाहिराती वजा जाता महिन्याला सात-आठ लाख उरत. माणसं ३५. छोटी, नीट चाललेली कंपनी. एवढ्या छोट्या कंपनीला वेळेवर पैसे देते म्हणून नाव होतं, आणि डेव्हलपर एकमेकांना सांगून येत ते त्याच नावावर.

## पहिला निर्णय

२ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होतं. त्या रविवारी, ६ तारखेला, बंगल्याच्या गच्चीवर मास्क लावून बैठक झाली. दोघे भाऊ, डिझाइन बघणारा एक मुलगा आणि चहा घेऊन वर आलेल्या ताई. मोठ्या सरांचं म्हणणं सरळ होतं: कोट्यवधी पोरं खेळाविना बसलीयत, ही जागा भरायची. सह्याद्रीतला घाट, गडाचे बुरूज, साठ खेळाडू उतरतात, शेवटी एक उरतो. अठरा महिने, तीन कोटी.

धाकट्यांनी विचारलं, "दादा, तीन कोटी कुठून?"

मोठ्या सरांनी फोन पुढे केला. बँकेच्या ॲपवर शिल्लक ३ कोटी ४० लाख.

त्यातले दोन कोटी देवांचे होते. एप्रिल-जूनचे दीड, आणि जुलैचे नुकतेच आलेले पन्नास लाख. ताई तिथेच उभ्या होत्या. "मी म्हटलं होतं, त्यातले आपले एक-चाळीसच," असं त्यांनी मला सांगितलं. डिझाइनच्या मुलाला त्या काही बोलल्याचं आठवत नाही. धाकट्यांना आठवतं, पण दादा त्यावर "ते फिरत राहतं हो ताई" म्हणाले, एवढंच.

'ते फिरत राहतं' यात तथ्य आहे, म्हणूनच ते घातक ठरलं. कॅटलॉग वाढत असेल तर नवीन पैसा आत येतो, जुना बाहेर जातो आणि मधला साठा कधीच आटत नाही. कमाई घसरली की मात्र आलेल्या पैशापेक्षा द्यायचा पैसा जास्त होतो. आणि टाळेबंदीतली कमाई टाळेबंदीनंतर घसरणारच होती.

दुसरी गोष्ट, जी त्या गच्चीवर कोणी काढलीच नाही: शब्दकोडं चालवणं आणि साठ जणांचा ऑनलाइन सामना चालवणं हे दोन वेगळे धंदे आहेत. कोडं एकट्याने कधीही सोडवता येतं. साठ जणांचा सामना सुरू व्हायला त्याच मिनिटाला, जवळच्या सर्व्हरवर, साधारण सारख्या ताकदीचे साठ जण हवेत. तेवढे नसले तर एकतर वाट बघा, नाहीतर बॉटशी, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेल्या खोट्या खेळाडूंशी खेळा. दोन्हींनी माणूस पळतो, आणि तो पळाला की पुढच्याला आणखी वाट बघावी लागते. असा गेम थोडासा चालत नसतो.

जानेवारी २०२१ मध्ये एका परदेशी कंपनीने अख्ख्या कॅटलॉगसाठी सहा कोटींची विचारणा केली. ती नाकारली गेली. मोठ्या गेमनंतर याच कंपनीचे दसपट येतील, हा हिशेब. मी या नकाराला चूक म्हणणार नाही, कॅटलॉग त्यांच्या हातात चांगला चालला होता. खटकतं ते एवढंच, की विचारणा डेव्हलपरांना कळवलीच नाही.

## हप्ते चुकायला लागले

मार्च २०२१ पर्यंत माणसं ३५ ची ७० झाली. पुण्यात या कामाची जाणती माणसं मिळतात. युबिसॉफ्टचा स्टुडिओ इथे २००८ पासून आहे, 'राजी' हा गेम पुण्यातल्याच एका छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये आणला. पण ती माणसं कोथरूडच्या बंगल्यात येईनात, म्हणून बाणेरला काचेचं ऑफिस घेतलं: तीन वर्षांचं लॉक-इन, भाडं महिना सहा लाख. टाळेबंदीमुळे भाडं स्वस्तात पडलं, असं तेव्हा सगळे म्हणत होते.

ऑक्टोबर-डिसेंबरच्या तिमाहीचे पैसे मार्चअखेर द्यायचे होते. मोठ्या सरांनी ताईंना सांगितलं, मार्च एंड आहे, या वेळी दोन आठवडे पुढे ढकला. डेव्हलपरांनाही तेच कळवलं आणि मार्च एंड म्हटल्यावर कोणाला काही वावगं वाटलं नाही. पैसे १९ एप्रिलला गेले. पुढच्या वेळी पाच आठवडे लागले. त्यापुढे अर्धे वेळेवर, अर्धे 'लवकरच'. ताईंच्या कॅलेंडरवर लाल आकड्यांवर काट मारून शेजारच्या चौकोनात बाण ओढायला सुरुवात झाली. मी ती २०२१ ची पानं पाहिलीत. ऑगस्टचा बाण सप्टेंबरच्या पानावर गेलाय, तिथून ऑक्टोबरच्या.

एप्रिल २०२१ मध्ये ॲपलचा नवा नियम लागू झाला, वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याचा माग काढायचा नाही. बहुतेक कमाई अँड्रॉइडची असल्याने ऑफिसात त्याची फारशी चर्चा झाली नाही. पण कॅटलॉगमधली दोन इंग्रजी शब्दकोडी अमेरिकेतल्या आयफोनवर खेळली जात आणि तिथली एक जाहिरात इथल्या कितीतरी जाहिरातींच्या मोलाची असे. त्या दोन गेमची कमाई वर्षअखेर निम्म्यावर आली.

मग २ जुलै २०२१. पबजीचाच भारतीय अवतार, बीजीएमआय, अँड्रॉइडवर आला. ज्या रिकाम्या जागेसाठी हा सगळा खटाटोप, ती दहा महिन्यांत भरून गेली. तोवर सुमारे तीन कोटी, म्हणजे मूळचं पूर्ण बजेट खर्च झालं होतं आणि गेम निम्मासुद्धा झाला नव्हता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली थांबायची सर्वांत स्वस्त जागा हीच. थांबायला बहाणाही आयता होता, कोणाची नाचक्की झाली नसती. धाकट्यांनी दोन ओळींची ईमेल लिहून तसं सुचवलंही. उत्तर आलं ते ओळखीच्या चार गुंतवणूकदारांबरोबरच्या जेवणाच्या आमंत्रणाचं. त्या जेवणातून दीड कोटी आले. आलेल्या पैशाने प्रश्न मिटला नाही, विचारायचा तेवढा राहिला.

## सॉफ्ट लाँच

नोव्हेंबर २०२१ मध्ये नेपाळ आणि बांगलादेशात गेम गुपचूप सोडला. त्याआधी धाकट्यांनी एक चांगलं काम केलं होतं, आकडा आधीच लिहून ठेवला होता: सातव्या दिवशी शंभरातले दहा परत आले नाहीत तर आपण सगळ्यावर पुन्हा विचार करू.

दुसऱ्या दिवशी परत आले २४. सातव्या दिवशी ४.

कारणंही हाताशी होती. गेम १.४ जीबीचा. तीन जीबी रॅमच्या फोनवर पंधरा मिनिटांत फोन इतका तापायचा की चाचणी करणारी मुलगी फोनखाली ओला रुमाल ठेवून खेळायची. तिने अहवालात तसं लिहिलंय, शब्दशः: 'रुमाल नसेल तर तिसऱ्या सामन्यात क्रॅश.' आपल्याकडच्या ज्या पोरांसाठी गेम बनवत होतो त्यांच्या हातात नेमके तेच फोन होते.

दहाचा आकडा मात्र बैठकीत वितळला. ते नेपाळचे आकडे आहेत, गड बघून मराठी पोरगा थांबेल, असं ठरलं. आधी लिहिलेल्या आकड्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तो लागू करायचा अधिकार दुसऱ्या कोणाकडे असतो. इथे परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकच होता.

१४ फेब्रुवारी २०२२ ला ५४ ॲपवर बंदी आली, त्यात पबजीच्याच धाटणीचा फ्री फायर. ऑफिसात पेढे वाटले गेले. खरं तर फ्री फायर मॅक्स चालूच होतं आणि पोरं आठवड्याभरात तिकडे सरकली.

## पर्याय

मी आले ती इथे. काम दिलं होतं गुंतवणूकदारांना दाखवायच्या पुढच्या दोन वर्षांच्या अंदाजपत्रकाचं. बँकेत १ कोटी ७० लाख होते आणि मी पहिल्याच दिवशी 'उपलब्ध रोकड' अशी ओळ टाकून तो आकडा भरला. माझी चूक तीच, जी गच्चीवर झाली होती. तिसऱ्या दिवशी ताईंना एक बिल विचारायला गेले तर त्यांनी काही न बोलता पेनाच्या टोकाने कॅलेंडर दाखवलं. डेव्हलपरांचं एकूण देणं २ कोटी ६० लाख, त्यात मुदत उलटून गेलेलं दीड कोटी. उपलब्ध रोकड उणे ९० लाख होती.

नवीन तक्ता करून मी दोघांसमोर ठेवला. जूनच्या अखेरीस झालेल्या त्या बैठकीत पाच वाटा निघाल्या.

मोठा गेम थांबवायचा, माणसं ११८ वरून ४० वर आणायची, ऑफिसचं लॉक-इन दंड भरून मोडायचं आणि डेव्हलपरांना खरं सांगून वर्षभरात पैसे फेडायचे. हे माझं मत होतं आणि माझ्या हिशेबात ते जेमतेम बसत होतं. मोठे सर म्हणाले, सहा कोटी पाण्यात घालू म्हणता? सहा कोटी पाण्यात गेलेच होते, प्रश्न सातव्याचा होता. पण ते त्यांना पटेल अशा रीतीने मला मांडता आलं नाही.

कॅटलॉग विकायचा. जुन्या परदेशी गिऱ्हाइकाला विचारलं, त्याने अडीच कोटी म्हटलं. दीड वर्षापूर्वी सहा म्हणणाऱ्याकडून अडीच घ्यायचे हे मोठ्या सरांना अपमानास्पद वाटलं. मला वाटतं, अभिमानाने घेतलेला हाच एक निर्णय सरळ सरळ दीड-पावणेदोन कोटींना पडला.

रमी किंवा पैसे लावून खेळायचं काही तरी सुरू करायचं. एका गुंतवणूकदाराचा आग्रह होता. धाकट्यांनी ठाम नकार दिला, घरात आई काय म्हणेल या कारणासाठी. कारण घरगुती होतं, पण निर्णय बरोबर ठरला. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा गेममध्ये खेळाडू भरतो त्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने हा प्रकारच बंद झाला.

दिवाळीपर्यंत काम करून गेम हलका करायचा आणि मग सोडायचा. कारागिरांचं मत हेच होतं. त्यासाठी लागणारे चार महिन्यांचे पगार कुठून येणार, एवढंच कोणी सांगत नव्हतं.

आणि पाचवी: मोठ्या सरांच्या वडिलांच्या नावावरचा सहकारनगरचा फ्लॅट तारण ठेवून दोन कोटी उचलायचे आणि जोरात उतरायचं.

चौथी आणि पाचवी मिळून ठरली. कर्ज काढायचं, गेम हलका करायचा, दिवाळीत सोडायचा. वाईटातला बरा निर्णय म्हणता आला असता, पण तो महिनाभरच टिकला.

## कृती

२८ जुलै २०२२ ला बीजीएमआय गूगल आणि ॲपलच्या स्टोअरवरून गायब झालं. त्याच संध्याकाळी मोठ्या सरांनी तारीख बदलली: दिवाळी नाही, १५ ऑगस्ट. गेम हलका करायचं काम सुरू होऊन तीनच आठवडे झाले होते, ते तिथेच सोडलं. ज्यांच्या फोनवर बीजीएमआय आधीच होतं त्यांचं ते चालूच होतं, हे टेस्टिंगच्या त्याच मुलीने ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं. त्यावर एक अंगठा आला, धाकट्यांचा.

याच आठवड्यात दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. ३१ जुलै ही विवरणपत्राची शेवटची तारीख. नाशिकच्या एका डेव्हलपरने फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या आणि भरलेल्या कराचा उतारा, उघडला आणि त्याला दिसलं की कंपनीने आपल्या रॉयल्टीतून दहा टक्के टीडीएस कापल्याचं दाखवलंय, पण सरकारकडे तो भरलेलाच नाही. त्याने डेव्हलपरांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. दोन दिवसांत अकराही जणांनी आपापला फॉर्म उघडून पाहिला. उशिरा पैसे देणारा अडचणीत असू शकतो. कापलेला कर न भरणारा काय असतो, ते त्यांना सांगावं लागलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सांगलीकडचा एक डेव्हलपर बाणेरच्या ऑफिसात येऊन बसला. भावाभावांनी मिळून बैलगाडा शर्यतीचा गेम केला होता. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यात शर्यतींना परवानगी दिली आणि त्या गेमचे डाउनलोड एकदम उसळले. त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी तिमाही, चौदा लाख येणं, आणि नेमके तेच अडकलेले. तो रिसेप्शनच्या सोफ्यावर सकाळी दहापासून डबा मांडीवर घेऊन बसला होता. चार वाजता मोठे सर बाहेर आले, लाँचचं, जाहिरातींचं सांगायला लागले.

"पैशे द्या न्हायतर माझा गेम माझ्या खात्यावर टाका की," तो म्हणाला. "एवढंच मागाय आलोय."

गूगल प्लेवर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेम हलवता येतो, डाउनलोड आणि रिव्ह्यूसकट. करारात पैसे थकले तर तसा हक्क डेव्हलपरला होता. पहिला गेम त्या आठवड्यात गेला. ऑक्टोबरपर्यंत १९ पैकी १४ गेले.

## परिणाम

१५ ऑगस्टला स्ट्रीमर मंडळींवर चाळीस लाख खर्चून गेम आला. पहिल्या आठवड्यात सहा लाख इन्स्टॉल, म्हणजे लोकांनी बघितलं. सातव्या दिवशी परत आले शंभरातले पाच. रात्री नऊ ते अकरा सोडून सामने भरेनात. फोन तापल्याच्या तक्रारींनी रिव्ह्यूचं पान भरलं. सप्टेंबरचा पगार ऑक्टोबरच्या १८ तारखेला झाला, लक्ष्मीपूजन २४ ला होतं. नोव्हेंबरमध्ये सर्व्हर बंद केले. एकूण खर्च नऊ कोटींच्या आसपास.

डेव्हलपरांचे मार्ग मोजकेच होते. दिवाळखोरी कायद्याखाली अर्ज करायला थकबाकी किमान एक कोटीची लागते, मार्च २०२० मध्ये ही मर्यादा एक लाखावरून वर नेली गेली. कोणा एकाचं येणं त्याच्या जवळपासही नव्हतं. उद्यम नोंदणी असलेल्या चौघांनी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे अर्ज केले. २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करारात काहीही लिहिलेलं असो, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने व्याज. म्हणजे ज्या ९० दिवसांच्या मुदतीवर सगळा डोलारा उभा होता, ती मुदतच मुळात लंगडी होती. कंपनीच्या वकिलांनी रॉयल्टी ही सेवा आहे का, असा वाद काढला. निकाल लागायच्या आत दोन तडजोडी झाल्या.

फेब्रुवारी २०२३ मध्ये उरलेला कॅटलॉग ८० लाखांना गेला. त्यातून टीडीएस, पीएफ आणि पगार भागवले, डेव्हलपरांच्या वाट्याला वीस लाख आले. फ्लॅट विकून बँकेचं कर्ज फेडलं. तीन महिन्यांनी बीजीएमआय परत आलं.

गंमत म्हणावी तर, मोठ्या सरांना असल्या गोष्टी तोंडपाठ होत्या. २०१९ मध्ये एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी टीएचक्यूवर व्याख्यान दिलं होतं. निन्टेंडोच्या 'वी' या गेम खेळायच्या यंत्रासाठी काढलेली चित्रं काढायची पाटी, यूड्रॉ, खपली म्हणून या अमेरिकन पब्लिशरने २०११ मध्ये ती प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवाल्यांसाठीही काढली. त्यांना ती नको होती. चौदा लाखांच्या आसपास पाट्या पडून राहिल्या, १९ डिसेंबर २०१२ ला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि जानेवारीत तिचे चांगले चालणारे स्टुडिओसुद्धा तुकड्या-तुकड्यांनी लिलावात गेले. ती स्लाइड मी पाहिलीय. तिच्यावर सरांनी लिहिलंय: 'गिऱ्हाईक ओळखा.' मला ती गोष्ट वाचताना पाटीपेक्षा लिलावच डोळ्यांसमोर येतो, की एका हट्टाची किंमत शेजारच्या खोलीतल्या लोकांनी मोजली. टीएचक्यूने निदान स्वतःचा माल गोदामात सडवला होता.

## वेगळं काय करता आलं असतं

पहिलं काम अर्ध्या दिवसाचं होतं: डेव्हलपरांच्या वाट्याचं वेगळं खातं. ॲडमॉबचे पैसे आले की २७ तारखेला त्यांचा वाटा त्यात वळता करायचा, आणि ते खातं मोठ्या सरांच्या फोनवर दिसूच द्यायचं नाही. तसं असतं तर गच्चीवर ३ कोटी ४० लाखांऐवजी १ कोटी ४० लाख दिसले असते. मग कदाचित गेमची कल्पना पुढे गेलीही असती, पण सहा माणसांनी केलेल्या छोट्या नमुन्यापासून. हे खातं उघडायला ताईंनी २०१९ मध्ये अर्ज भरून ठेवला होता. सहीसाठी तो दोन वर्षं ड्रॉवरमध्ये होता.

थांबायच्या तीन जागा होत्या: जुलै २०२१, नोव्हेंबर २०२१, जून २०२२. प्रत्येक वेळी नाही म्हणणारं माणूस खोलीत होतं. धाकटे सर, चाचणीची मुलगी, ताई. तिघांनाही नाही म्हणता येत होतं, अडवता येत नव्हतं. धाकट्यांकडे ४० टक्के शेअर होते, बँकेत दोघांच्या सह्या लागत. त्यांनी एकदाही सही रोखली नाही. "दादासमोर कसं करणार?" असं ते मला म्हणाले. घरच्या कंपनीत हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यावर बाहेरचा एखादा संचालक ठेवणं हा उपाय मी सुचवते, पण तोही बहुधा कोणाचा तरी काका असतो.

माझ्या बाजूने: दुरुस्त तक्ता मी बैठकीत दाखवला, ईमेलने दोघांना पाठवला नाही. पुढे बँकेला आणि गुंतवणूकदारांना गेला तो पहिला तक्ता, 'उपलब्ध रोकड १.७ कोटी' वाला. पाठवणारी मी नव्हते, ओळ मात्र माझीच होती. आता माझ्या तक्त्यात ती ओळ नसते. 'आपले' आणि 'देव' असे दोन रकाने असतात, आणि मराठी न येणाऱ्या गिऱ्हाइकांना दुसऱ्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो.

धाकटे सर हल्ली सात जणांना घेऊन कोथरूडमध्येच बाहेरच्या स्टुडिओंची कामं करतात आणि दर महिन्याच्या ५ तारखेला डेव्हलपरांना थोडे थोडे पाठवतात. कायद्याने त्यांना ते भाग आहे असं नाही. सांगलीकराचे सहा लाख अजून बाकी आहेत.

मोठे सर गेल्या वर्षी एका लग्नात भेटले. अजून सहा महिने मिळाले असते तर गेम उभा राहिला असता, असं त्यांचं अजूनही मत आहे. त्या सहा महिन्यांचा खर्च मी तेव्हा काढला होता, सव्वाचार कोटी. ते कुठून आले असते, असं मी विचारलं.

"कॅटलॉग होताच की," ते म्हणाले.